पिवळ्या पाकिटाचा टी-शर्ट आणि मंडळाचे चाळीस स्वयंसेवक

मिसिसागाकर (धागाकर्ता) | २१ जुलै

मंडळी, सल्ला हवा आहे, पण आधी थोडं पाल्हाळ.

कॅनडात ओंटारिओत येऊन मला अकरा वर्षं झाली. पहिल्या हिवाळ्यात खिशाला झेपेल असं घराजवळ एकच दुकान होतं आणि त्यातल्या निम्म्या फळ्या पिवळ्याधमक. लॉबलॉज या इथल्या किराणा दुकानांच्या साखळीचं 'नो नेम'. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: हळदीत बुडवून काढल्यासारखं पाकीट आणि त्यावर काळ्या ठळक हेल्वेटिका फाँटात, सगळी स्मॉल लेटर्स, फक्त वस्तूचं नाव. मीठ. मैदा. टोमॅटो केचप. हसरं बाळ नाही, दुधाची उसळती लाट नाही, 'आता नव्या चवीत' नाही. आई इथे आली तेव्हा तिने ओट्यावरचं कपाट उघडलं, दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "काय रे, इथेपण रेशनकार्ड काढलंस?"

हा प्रकार १९७८ च्या मार्चमध्ये सोळा वस्तूंनी सुरू झाला. डॉन वॉट नावाच्या डिझायनरने ते पिवळं-काळं रूप दिलं. स्वस्त माल स्वस्त दिसला पाहिजे, पण दुकानात शिरल्या शिरल्या नजरेत भरलाही पाहिजे, असं दुहेरी काम होतं. गिऱ्हाइकाच्या डोक्यात ते इतकं बसलं की आता लोक त्या पाकिटाची थट्टा अंगावर घालून फिरतात. मागच्या महिन्यात बसमध्ये समोर एक पोरगा बसला होता. पिवळा टी-शर्ट, छातीवर काळ्या अक्षरात 'टी-शर्ट'. खाली बारीक अक्षरात '१ नग'. बस्स. मी एकटाच खुसखुसत होतो, शेजारच्या बाई सरकून बसल्या.

तर मुद्दा. यंदा मंडळाच्या गणपतीसाठी स्वयंसेवकांचे चाळीस टी-शर्ट माझ्या गळ्यात पडले आहेत. दरवर्षी काय असतं? मागे गणपती, पुढे ढोल, बाहीवर फेटा, एकूण सहा रंग, आणि दोन धुण्यांत बाप्पाच्या सोंडेचे पोपडे. यंदा पिवळा टी-शर्ट, काळं अक्षर: 'स्वयंसेवक'. खाली पाकिटावर असतो तसा बारीक मजकूर. तो सुचवा.

कोथरूडची मावशी | २१ जुलै

"रेशनकार्ड काढलंस" ला हहपुवा (हसून हसून पुरेवाट). आईंना माझा नमस्कार सांगा.

माझ्याकडून: 'वापरण्यापूर्वी चहा द्यावा.'

टवाळखोर | २१ जुलै

घ्या, गरमागरम:

'नवरा. एमआरपी: सासऱ्यांना विचारा. एक्स्पायरी: लग्नाच्या दिवशी. विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'

कोथरूडची मावशी | २१ जुलै

टवाळखोर, हा विनोद माझ्या मुंजीत... म्हणजे माझ्या भावाच्या मुंजीत ऐकला होता. त्या भावाला आता नातू झालाय.

रुक्ष | २२ जुलै

टवाळखोरांनी नकळत चांगलं उदाहरण दिलं. हा टी-शर्ट का फसला? शेवटचं वाक्य सोडलं तर पाकिटावर असं कोणी लिहीत नाही. तिथे विनोद करायला बसलेला माणूस दिसतो. पिवळ्या पाकिटाची गंमत नेमकी उलटी आहे. लिहिणाऱ्याला हसायचंच नाहीये, त्याला फक्त सांगायचंय की आत मीठ आहे. टी-शर्टवरही तेवढंच कोरडं हवं. उद्गारचिन्ह दिसलं की खेळ संपला. 'स्वयंसेवक' च्या पुढे हसरा चेहरा टाकलात तर मी वर्गणी परत मागेन (दिलेली नाही, तरी).

थोडा इतिहास, कारण त्यातूनच मजकूर सुचेल. कॅनडाच्या आधी १९७६ मध्ये फ्रान्समध्ये कारफूर या दुकानसाखळीने पन्नास वस्तू बिननावाच्या काढल्या, पांढऱ्या पाकिटात. दावा असा की माल तितकाच चांगला, पैसे कमी, नावाचा खर्च वजा. पुढच्या वर्षी शिकागोत ज्युएल या दुकानांनी तेच केलं. कॅलिफोर्नियात राल्फ्स दुकानांच्या पांढऱ्या डब्यांवर निळा पट्टा असायचा. महागाईचा काळ होता, लोकांना ते पटलं. १९८० मध्ये जपानात मुजी निघालं, चाळीस वस्तूंनिशी. त्याच्या पूर्ण नावाचा अर्थच 'बिनछापाचा चांगला माल'. मुजीने मात्र साधेपणाची चैन केली. २०१६ मध्ये ते मुंबईत आलं तेव्हा मी तिथली एक वही हातात घेतली, किंमत वाचली आणि अलगद जागेवर ठेवली.

टी-शर्टचंही तेच झालंय. पाकीट स्वस्त होतं, त्याची नक्कल महाग विकतात.

गोणपाट | २२ जुलै

रुक्ष यांचं बरोबर आहे, पण एक बघा. त्यांच्याकडे आधी नावं होती, मग ती काढून टाकली, म्हणून ते कोरं पाकीट विनोदी दिसतं. आपल्याकडे नाव होतं कुठे? वाण्याकडून साखर यायची ती वर्तमानपत्राच्या पुडीत, वर सुतळी. तेल सुटं, किटली आपली. पुडी सोडून आधी अग्रलेख वाचायचा आणि मग डाळ निवडायची. आमच्या घरी 'ब्रँड' म्हणजे "वाण्याला सांग, मागच्या वेळची नको, त्याच्या आधीची दे".

म्हणून पिवळा टी-शर्ट मिसिसागात चालेल, सांगलीत चालणार नाही. इथे लोक विचारतील, "काय ओ, पेट्रोलपंपावर लागला का?" आमच्याकडचं खरं कोरं पाकीट म्हणजे साखरेचं पोतं. आमच्या दहावीच्या बॅचच्या मेळाव्याला आम्ही तेच केलं. पोत्याच्या रंगाचा टी-शर्ट आणि छातीवर स्टेन्सिलच्या अक्षरात:

साखर
एम-३०
हंगाम १९८५-८६
निव्वळ वजन ५० किलो

बॅच सगळी ८५-८६ सालची पैदास, म्हणून हंगाम तो. एकही विनोद लिहिला नाही, पण हॉलवरचा आचारी हसून हसून खाली बसला, कारण समोर शंभर-शंभर किलोची पोती ताट घेऊन रांगेत उभी.

निवृत्त केमिस्ट | २२ जुलै

गोणपाट, तुमच्या टी-शर्टात चूक आहे. तीस वर्षं कारखान्यात काढली म्हणून बोलतो. त्या हंगामात पोतं १०० किलोचं होतं. ५० किलोचं नंतर आलं, हमालांच्या पाठीला थोडा आराम मिळाला. गाळपाच्या बातम्यांत अजून "इतके लाख पोती साखर" म्हणतात, तिथे पोतं म्हणजे क्विंटलच धरतात.

बाकी माहितीसाठी: एम म्हणजे मध्यम दाणा, एस म्हणजे बारीक. ३० हा आकडा रंगाचा, म्हणजे साखर किती पांढरी त्याचा. बॅचमधल्या बारीक माणसांना एस-३० द्यायला हवं होतं.

गोणपाट | २२ जुलै

काका, म्हणजे १०० किलोच बरोबर? बॅचला कळवतो. सगळ्यांना एकदम हलकं वाटेल.

आजीची नात | २३ जुलै

पोत्याचा टी-शर्ट ही नवी फॅशन नाही हो. माझी आजी मैद्याच्या पिशव्या उसवून, दोन दिवस सोड्यात भिजवून पोरांच्या बंड्या शिवायची. छाप काही केल्या पूर्ण जायचा नाही. काकाच्या पाठीवर 'मैदा' ही अक्षरं चौथीपर्यंत होती. वर्गात त्याचं नाव मैदाच पडलं. आता बँकेतून निवृत्त झाला, पण गावात गेला की "मैदा आला रे".

अमेरिकेतही १९३० च्या मंदीत बायका पिठाच्या आणि पशुखाद्याच्या पिशव्यांचे झगे शिवायच्या. गिरण्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी पिशव्या फुलाफुलांच्या काढल्या आणि कंपनीचं नाव धुतल्यावर जाईल अशा शाईत छापायला लागल्या. म्हणजे तेव्हा पाकिटावरचं नाव घालवायला बायका जिवाचं रान करायच्या, आणि आता मिसिसागाकर पैसे मोजून छापून घेतायत.

छापखाना | २३ जुलै

पिंपरीत माझं स्क्रीन प्रिंटिंगचं युनिट आहे. धंद्यातलं थोडं बोलतो.

१) स्क्रीनमध्ये एका रंगाला एक फ्रेम, म्हणजे जाळीची चौकट. सहा रंग म्हणजे सहा फ्रेम, सहा एक्स्पोज, आणि सहाही एकमेकांवर बरोबर बसले पाहिजेत. मिलिमीटरने सरकलं की बाप्पाला दोन सोंडा. तुमच्या कामाला एकच फ्रेम. शिवाय पिवळ्यावर काळं थेट बसतं, गडद कापडावर आधी पांढऱ्याचा थर द्यावा लागतो तो इथे नको. त्या पाकिटाची छपाई ज्या कारणाने स्वस्त, त्याच कारणाने तुमचा टी-शर्ट स्वस्त.

२) कापड १८० जीएसएम (चौरस मीटरला १८० ग्रॅम), बायोवॉश म्हणजे एन्झाइमने धुऊन मऊ केलेलं. त्याहून पातळ पिवळं घेतलंत तर आतला बनियन दिसेल आणि लोक तोच वाचतील.

३) दोन धुण्यांत पोपडे निघाले म्हणजे शाई नीट भाजली नव्हती. प्लास्टिसोल शाई साधारण १६० अंशांना पक्की होते. वरून सुकल्यासारखी दिसते म्हणून घाईत काढतात आणि मग गिऱ्हाईक साबणाला शिव्या घालतं.

४) हे नीट वाचा. देवनागरीत अनुस्वार फार नाजूक. जाळी भरड असली किंवा तिच्यावरचं इमल्शन (प्रकाशाने घट्ट होणारा लेप) नीट धुतलं नाही तर टिंब बुजतं. माझ्याकडे एकदा 'चिंच' चं दोनशे पिशव्यांवर 'चिच' झालं होतं. टिंब फाँटमध्ये असतं त्याच्या दीडपट करा. आणि ऑपरेटरला देवनागरी येत नसेल तर समोर उभे राहा.

मिसिसागाकर | २३ जुलै

छापखाना, सोन्यासारखी माहिती. फाँट कोणता घेऊ? हेल्वेटिकाच्या जवळचं मराठीत काय?

रुक्ष | २४ जुलै

जवळचं शोधूच नका, त्यातला भाव शोधा. इंग्रजीत सगळी स्मॉल लेटर्स टाकली की शब्द खालच्या आवाजात बोलतो. आपल्याकडे लहान-मोठी लिपीच नाही, शिरोरेखेखाली सगळे सारखे. आवाज खाली आणायचा तर फाँट असा हवा की जो निवडलाय असं वाटूच नये. माझं मत 'मंगल'. र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेला. निम्म्या महाराष्ट्राने पहिली युनिकोड मराठी त्यातच वाचली, सरकारी परिपत्रकापासून सोसायटीच्या पाणीकपातीच्या नोटिशीपर्यंत. 'स्वयंसेवक' मंगलमध्ये लिहिलात की तो पाणीकपातीइतकाच गंभीर वाटेल.

छापखाना | २४ जुलै

मंगल छातीवर किरकोळ दिसतो. मुक्ताचा एक्स्ट्राबोल्ड घ्या, मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट करणाऱ्या मंडळींचा आहे, फुकट मिळतो. भाव गेला खड्ड्यात, लांबून वाचता आलं पाहिजे.

मालवणी माणूस | २४ जुलै

हिरव्या टिंबाचं काय? छातीवर कोपऱ्यात चौकोन आणि त्यात टिंब. आमच्यासारख्यांना वेगळं द्या. आणि बारीक अक्षरात 'उपवासाला चालतो' हवंच.

वकीलबाई | २४ जुलै

मालवणी माणूस, मांसाहाराची खूण आता टिंब नाही. २०२० च्या लेबलिंग नियमांपासून चौकोनात तपकिरी त्रिकोण आहे. ज्यांना हिरवा आणि तपकिरी यांतला फरक दिसत नाही त्यांच्यासाठी आकारच बदलला. म्हणजे एकरंगी छपाईतही चालेल: काळं टिंब शाकाहारी, काळा त्रिकोण तुम्ही.

आता कायद्याचं, कोणी विचारलं नाही तरी:

'दूध', 'मीठ', 'स्वयंसेवक' असे शब्द कुणाच्या मालकीचे नसतात. वस्तूचं नुसतं वर्णन करणारा शब्द आपल्या १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यातही सहसा नोंदवून मिळत नाही. पण विशिष्ट पिवळा, विशिष्ट अक्षर आणि विशिष्ट मांडणी मिळून जी ओळख तयार होते तिच्यावर हक्क सांगता येतो. मंडळापुरते चाळीस वाटलेत तर कोण विचारणार? विकायला काढलेत तर तिथल्या वकिलाला विचारा. 'नो नेम' हा शब्द आणि त्यांचं चिन्ह तर अजिबात नको.

आणि भारतात असं करणाऱ्यांनो, गंमत म्हणूनसुद्धा आयएसआयची खूण छापू नका. विनापरवाना वापर बीआयएस कायद्याखाली गुन्हा आहे.

निव्वळ वजनाबद्दल: आपल्या २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांत 'पॅकिंगच्या वेळी' ही सवलत मोजक्याच वस्तूंना आहे, उदाहरणार्थ साबण, कारण तो वाळून घटतो. स्वयंसेवक दहा दिवस मोदक खाऊन वाढतो. त्याला ती सवलत कशी द्यायची हा अभ्यासाचा विषय आहे.

टवाळखोर | २४ जुलै

'निव्वळ वजन: आरतीपूर्वी.'

रुक्ष | २४ जुलै

हे चालेल. बघा, येतं तुम्हाला.

ब्रॅम्प्टनचा बंड्या | २६ जुलै

बारकोड टाकणार असाल तर माझी कथा वाचून टाका.

मी हौसेने असाच एक टी-शर्ट करून घेतला होता. पोटावर बारकोड. पट्ट्या खऱ्या दिसाव्यात म्हणून घरातल्याच एका पिशवीचा फोटो काढून दिला. ती पिशवी मांजराच्या वाळूची होती हे मी विसरलो. एका रविवारी दुकानात सेल्फ चेकआउटला उभे होतो. मुलीला, वय सहा, हातातलं स्कॅनर चालवायला फार आवडतं. तिने दुधाची पिशवी स्कॅन केली, केळी केली आणि मग वळून माझं पोट केलं. टिक्.

पडद्यावर मांजराची वाळू, सात किलो. आता ते यंत्र वजनावर चालतं. स्कॅन केलेली वस्तू शेजारच्या पाटावर ठेवल्याशिवाय पुढे जात नाही. बाईच्या आवाजात सांगायला लागलं, वस्तू पिशवीत ठेवा. वस्तू पिशवीत ठेवा. मागे रांग. मुलगी मला ढकलतेय, "बाबा, बस ना त्यावर."

शेवटी एक मदतनीस आला. त्याने पडदा पाहिला, माझं पोट पाहिलं, स्वतःचं कार्ड लावून वस्तू रद्द केली आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "पावती हवी?"

निवृत्त केमिस्ट | २६ जुलै

बारकोड वाकडा झाला तर वाचला जात नाही असं ऐकून होतो. आपलं पोट सपाट दिसतंय, अभिनंदन.

ब्रॅम्प्टनचा बंड्या | २६ जुलै

काका, ते तेव्हाचं. आता स्कॅन होणार नाही.

मिसिसागाकर | २ ऑगस्ट

मजकूर पक्का केला. समितीत दोन बैठका झाल्या, पहिली वडापावावर आणि दुसरी मजकुरावर.

पुढे: 'स्वयंसेवक'. खाली बारीक: '१ नग. निव्वळ वजन: आरतीपूर्वी. वापरण्यापूर्वी चहा द्यावा. उपवासाला चालतो.' कोपऱ्यात टिंब किंवा त्रिकोण, मागणीप्रमाणे (त्रिकोण सव्वीस. कोण ते सांगत नाही, अध्यक्षांची आई हा धागा वाचते).

इथे पाकिटावर इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही लागतं. 'नो नेम'ची पाकिटंसुद्धा दुसऱ्या बाजूने 'सां नों' असतात. म्हणून पाठीवर फक्त 'बेनेव्होल', म्हणजे फ्रेंचमध्ये स्वयंसेवक. खजिनदारांनी विचारलं, हा कोण बेनेव्होल, प्रायोजक का? मग यांच्याकडून काही येणार नाही का?

कोथरूडची मावशी | २ ऑगस्ट

माझा चहा राहिला! मंडळाने माझ्या नावाने एक मोदक जास्त करावा.

छापखाना | ३ ऑगस्ट

टिंब मोठं केलंत ना?

मिसिसागाकर | ३ ऑगस्ट

दीडपट. फाइल पाठवली. छापणारा भला माणूस आहे, म्हणाला काळजीच करू नका.

छापखाना | ३ ऑगस्ट

समोर उभे राहा म्हटलं होतं.

मिसिसागाकर | गणपतीच्या आदल्या रात्री

टी-शर्ट आले. पिवळा सुरेख, काळं ठसठशीत, टिंबं आणि त्रिकोण जागच्या जागी. छातीवर 'स्वयसेवक'. चाळीसच्या चाळीस.

फोन केला. तो म्हणाला, हो, तुमच्या फाइलमध्ये अक्षराच्या वर धुळीचा एक मोठा ठिपका आला होता, मी आपणहून साफ करून दिला, त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत.

आत्ता हॉलमध्ये चार काकू लांब टेबलाभोवती काळे मार्कर घेऊन बसल्यात. टी-शर्टच्या आत पुठ्ठा घालून एकेक अनुस्वार देतायत, मोदकाच्या कळ्या पाडाव्यात तशा मन लावून. जोशीकाकूंना लांबचा चष्मा घालून जवळचं दिसत नाही, हे आम्हाला उशिरा कळलं. त्यांच्या वाटणीच्या नऊ टी-शर्टांवर 'स्वंयंसेंवंकं' आहे.

वकीलबाई | त्याच रात्री

ते नऊ त्रिकोणवाल्यांना द्या.

मालवणी माणूस | त्याच रात्री

आमचो तसोच उच्चार आसा. द्या.